पगाराचे तुकडे आणि पगाराची व्याख्या

एका मध्यम आकाराच्या कंपनीतल्या हिशेबनिसाची पगारपावती डोळ्यांसमोर आणा. मूळ पगार १२,००० रुपये, घरभाडे भत्ता ६,०००, प्रवास भत्ता २,०००, धुलाई भत्ता १,०००, शिक्षण भत्ता ३,००० आणि विशेष भत्ता १६,०००. एकूण ४०,०००. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण असा साचा भोसरीपासून सातपूरपर्यंत आणि दादरच्या कचेरीपासून कोल्हापूरच्या शिरोलीपर्यंत कुठेही आढळतो. या सहा ओळींकडे थोडा वेळ बघितले की एक प्रश्न पडतो. माणूस एक, खुर्ची एक, काम एक, मग मोबदल्याच्या ओळी सहा कशासाठी? त्यातला सर्वांत मोठा आकडा ‘विशेष’ भत्त्याचा. त्यात विशेष काय, हे पावती काढणाऱ्याला विचारले तर सांगता येत नाही. तो भत्ता सगळ्यांनाच मिळतो, दर महिन्याला मिळतो, आणि तो मिळण्यासाठी कुणालाही काही वेगळे करावे लागत नाही. खरे कारण पावतीवर लिहिलेले नसते. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांचा हिशेब मूळ पगार व महागाई भत्त्यावर होत असे, म्हणून मूळ पगार शक्य तितका लहान ठेवायचा आणि उरलेली रक्कम भत्त्यांच्या कप्प्यांत वाटून टाकायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. सल्लागारांनी ती शिकवली, मालकांनी उचलली, आणि पुढे तर ती पगाराची नैसर्गिक रचनाच वाटू लागली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या रीतीखालची जमीन सरकली आहे. त्या दिवशी केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या: २०१९ची वेतन संहिता आणि २०२०च्या औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा व व्यावसायिक सुरक्षा-आरोग्य या तीन संहिता. जुने २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती संपाच्या नोटिशीची, कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेल्याची, आणि घरपोच सेवा देणाऱ्या तरुणांच्या सामाजिक सुरक्षेची. कामगार संघटनांचे या संहितांवरचे आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांतले काही मला पटतातही, विशेषतः परवानगीच्या मर्यादेबद्दलचा. पण दहा, चाळीस किंवा दीडशे माणसे कामाला ठेवणाऱ्या मालकाच्या रोजच्या व्यवहाराला सर्वांत जवळून भिडणारा बदल या चर्चेत मागे पडला. तो आहे ‘वेतन’ या एका शब्दाच्या व्याख्येचा. आतापर्यंत किमान वेतनाच्या कायद्यात वेतन म्हणजे एक, ग्रॅच्युइटीच्या कायद्यात दुसरे, बोनसच्या कायद्यात तिसरे आणि मातृत्व लाभाच्या कायद्यात चौथे असे होते. आता चारही संहितांत व्याख्येचा गाभा एकच आहे. माझे म्हणणे असे, की ही व्याख्या मालकांनी नवा भुर्दंड म्हणून वाचू नये. पगाराचे तुकडे करून जे वाचवले असे वाटत होते, ती खरे तर पुढे ढकललेली देणी होती, आणि कायद्याने ती आता कागदावर आणली आहेत. म्हणून तुकडे पुन्हा नव्या नावांनी मांडण्यापेक्षा पगाराला पगार म्हणणे हाच मालकाच्याही हिताचा मार्ग आहे.

आधी व्याख्या नीट समजून घ्यावी लागेल, कारण तिच्याबद्दल एक चुकीचा समज वेगाने पसरला आहे. ‘मूळ पगार पन्नास टक्के ठेवला की झाले’ असे वाक्य सल्लागारांकडून आणि व्हॉट्सॲपच्या गटांतून सर्रास ऐकू येते. संहितेत असे कुठेही लिहिलेले नाही. तिची सुरुवातच फार व्यापक आहे: पैशांत मोजता येईल असा सर्व मोबदला म्हणजे वेतन, आणि त्यात मूळ पगार, महागाई भत्ता व राखीव भत्ता येतात. त्यानंतर वेतनात काय धरायचे नाही याची यादी येते. कराराचा भाग नसलेला बोनस, राहती जागा-वीज-पाणी-औषधोपचार यांचे मूल्य, मालकाची निवृत्तिवेतन किंवा भविष्य निधीतली वर्गणी, प्रवास भत्ता, कामाच्या स्वरूपामुळे होणाऱ्या खास खर्चाची भरपाई, घरभाडे भत्ता, निवाड्याने किंवा तडजोडीने मिळालेली रक्कम, ओव्हरटाइम, कमिशन, आणि शेवटी ग्रॅच्युइटी व कपातीची भरपाई. यादी इथे संपते. मग एक परंतुक येते: शेवटच्या दोन बाबी सोडून बाकीच्या वगळलेल्या रकमांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर निम्म्यावरचा भाग पुन्हा वेतनात मिळवायचा. म्हणजे पन्नास टक्के ही वेतनाची खालची मर्यादा आहे, वरची नव्हे. वेतन त्याखाली जाऊ शकत नाही, पण त्यावर किती जाईल हे यादी ठरवते. आणि त्या यादीत ‘विशेष भत्ता’ नाही. ‘शिक्षण भत्ता’ही नाही. जे यादीत नाही ते सुरुवातीच्या ‘सर्व मोबदला’ या शब्दांत आपोआप येते.

आता हिशेबनिसाच्या पावतीवर परत येऊ. त्याच्या ४०,००० पैकी घरभाडे भत्त्याचे ६,००० आणि प्रवासाचे २,००० स्पष्टपणे वगळता येतात. धुलाईचे १,००० हे गणवेशाचा खरा खर्च असेल तर खास खर्चात बसतील असे धरू. उरले ३१,०००. संहितेच्या भाषेनुसार त्याचे वेतन १२,००० नाही आणि २०,००० देखील नाही, ते ३१,००० आहे. त्याला कंपनीत १२ वर्षे झाली आहेत असे समजा. ग्रॅच्युइटीचे सूत्र १९७२च्या कायद्यापासून तेच आहे: शेवटचे मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षे. जुन्या पावतीने त्याला ८३,०७७ रुपये मिळाले असते. ‘पन्नास टक्के’ या समजुतीने १,३८,४६२ मिळतील. कलम जसे लिहिले आहे तसे वाचले तर २,१४,६१५. एकाच माणसाच्या एकाच नोकरीचे हे तीन हिशेब. मधला आकडा धरून निर्धास्त राहणाऱ्या मालकाने हे लक्षात घ्यावे, की उद्या वाद झाला तर त्याच्यासमोर तिसरा आकडा मांडला जाईल, आणि त्या मांडणीला कलमाच्या शब्दांचा आधार असेल.

‘विशेष भत्ता’ या नावाबद्दल इथेच एक गोष्ट सांगायला हवी, कारण महाराष्ट्रात तिच्यामुळे गोंधळ होतो. आपल्या राज्यात किमान वेतनाच्या अधिसूचनांत महागाई निर्देशांकाशी जोडलेली आणि दर सहा महिन्यांनी बदलणारी जी रक्कम असते तिला ‘विशेष भत्ता’ असेच म्हणतात. तो वस्तुतः महागाई भत्ता आहे आणि वेतनाचा अंगभूत भाग आहे. खासगी कंपनीच्या पावतीवरच्या विशेष भत्त्याचा त्याच्याशी नावापलीकडे संबंध नाही. एकाच नावाच्या दोन रकमा आणि दोन्हींचे मूळ निराळे. यावरून कळते की नावावरून काहीच ठरत नाही. रक्कम कशासाठी दिली जाते आणि कोणाला दिली जाते, यावरून ठरते.

न्यायालये हे फार आधीपासून सांगत आली आहेत. भत्त्यांचा जन्म मुळात प्रामाणिक गरजेतून झाला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्य-कापडाचे भाव भडकले, तेव्हा मूळ पगाराचे दर न हलवता तात्पुरता दिलासा म्हणून महागाई भत्ता रूढ झाला. भाव उतरतील आणि भत्ताही जाईल असे तेव्हा वाटत होते. भाव उतरले नाहीत आणि भत्ता कायमचा झाला, म्हणूनच पुढच्या कायद्यांनी त्याला मूळ पगाराच्या शेजारी बसवले. त्यानंतरच्या भत्त्यांची मात्र गोष्ट वेगळी आहे. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२चा. त्यात मूळ वेतनातून काय वगळायचे हा वाद दहा वर्षांत सर्वोच्च न्यायालयात पोचला. ‘ब्रिज अँड रूफ’ कंपनीच्या १९६२च्या निकालात न्यायालयाने कसोटी घालून दिली: जे सर्वत्र, नेमाने आणि सर्वांना दिले जाते ते मूळ वेतन. या कसोटीला सगळ्यांत ठळक उजाळा मिळाला २८ फेब्रुवारी २०१९ रोजी. पश्चिम बंगालमधल्या विवेकानंद विद्यामंदिर या शाळेचे प्रकरण आणि त्याबरोबर काही कारखान्यांची प्रकरणे एकत्र ऐकून न्यायालयाने सांगितले, की भत्ता जास्त उत्पादनासाठी किंवा नेहमीच्या कामापलीकडच्या कामासाठी दिला जातो हे मालकाला दाखवता आले नाही, तर तो मूळ पगाराचाच भाग आहे आणि त्यावर वर्गणी भरलीच पाहिजे. म्हणजे आमच्या हिशेबनिसाच्या विशेष भत्त्यावर २०१९ मध्येही, निदान भविष्य निधीपुरता, प्रश्न उभा होताच. नव्या संहितेने हे तत्त्व एका निधीपुरते न ठेवता ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, सगळीकडे नेले. म्हणूनच ‘सरकारने अचानक नियम बदलला’ ही तक्रार मला टिकणारी वाटत नाही. इशारा साठ वर्षे जुना आहे.

देणे पुढे ढकललेले होते या माझ्या म्हणण्याचा सर्वांत ठसठशीत पुरावा मोठ्या कंपन्यांच्या ताळेबंदांनी दिला. डिसेंबर २०२५ला संपलेल्या तिमाहीत मुंबईत मुख्यालय असलेल्या टीसीएसने या संहितांमुळे वाढलेल्या ग्रॅच्युइटी व रजेच्या देण्यापोटी २,१०० कोटी रुपयांहून जास्त रक्कम एकाच वेळी खर्ची टाकली. माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातल्या इतर बड्या कंपन्यांनीही अशाच मोठ्या तरतुदी केल्या. हे एका तिमाहीचे वाढीव पगार नाहीत. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनाला नोकरीच्या सगळ्या वर्षांनी गुणून निघते, त्यामुळे व्याख्या बदलताच मागच्या प्रत्येक वर्षाचे देणे वर उचलले जाते. या कंपन्यांकडे हिशेब मांडणारे तज्ज्ञ होते, म्हणून त्यांना तो आकडा त्याच तिमाहीत दिसला. ज्या छोट्या मालकाकडे तरतुदीचे खातेच नाही, त्याचेही देणे त्याच दिवशी त्याच प्रमाणात वाढले. फरक इतकाच, की त्याला ते जुना माणूस निवृत्त होईल त्या दिवशी कळेल.

पहिला आक्षेप कामगारांच्या बाजूने येतो आणि तो मनापासूनचा असतो: वेतन वाढले की वर्गणी वाढेल, आणि हातात येणारा पगार कमी होईल. घरभाडे, मुलांची फी, गाडीचा हप्ता हे सगळे हातात येणाऱ्या पगारावर चालते, त्यामुळे या भीतीला हलके समजू नये. पण आकडे पाहिले तर ती बऱ्याच अंशी विरते. केंद्रीय श्रम मंत्रालयाने डिसेंबर २०२५ मध्ये याच शंकेला उत्तर देताना ६०,००० रुपयांचे उदाहरण मांडले. भविष्य निधीची सक्तीची वर्गणी १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवरच भरायची असते, ती मर्यादा सप्टेंबर २०१४ पासूनची आहे. बारा टक्क्यांनी ती १,८०० होते, मग वेतन २०,००० धरा की ३०,०००. ज्याची वर्गणी आधीच या मर्यादेवर आहे त्याचा हातातला पगार तसाच राहतो. आमच्या हिशेबनिसाची वर्गणी १२,०००च्या बारा टक्क्यांनी १,४४० होती, ती १,८०० होईल. त्याच्या हातातून महिन्याला ३६० रुपये जातील, तेवढेच मालक त्याच्या खात्यात आणखी घालेल, आणि दोन्ही रकमा त्याच्याच नावावर राहतील. ग्रॅच्युइटीचा तर कामगाराच्या हातातल्या पगाराशी संबंधच नाही, ती पूर्णपणे मालकाने द्यायची आहे.

इथे एक जागा अशी आहे जिथे भीती खरी ठरू शकते, आणि ती कायद्यामुळे ठरत नाही. अनेक कंपन्या नेमणूक करताना ‘सीटीसी’चा, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा सांगतात आणि त्यात मालकाची वर्गणी व वेतनाच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटीही मोजतात. वेतन वाढले की हे दोन आकडे वाढतात, आणि सीटीसी तेवढीच ठेवायची ठरवली तर फरक पगारातून कापला जातो. मालकाने असे करू नये, हे मी फक्त चांगुलपणा म्हणून सांगत नाही. १९५२च्या भविष्य निधी कायद्याच्या १२व्या कलमातच म्हटले होते, की केवळ वर्गणी भरावी लागते म्हणून मालकाला वेतन कमी करता येणार नाही. हे तत्त्व माहीत असलेला कामगार किंवा त्याची संघटना अशी कपात आव्हानित करील, आणि ३६० रुपयांसाठी सुरू झालेला वाद सगळ्या पगारपत्रकाची उलटतपासणी घडवून आणील.

दुसरा आक्षेप लघुउद्योजकाचा: मोठ्यांना परवडते, आम्हाला नाही. याचे उत्तरही आकड्यांनीच द्यावे लागेल. हिशेबनिसाच्या बाबतीत मालकाचा दरमहा वाढीव बोजा किती? ग्रॅच्युइटीसाठी बाजूला ठेवायची रक्कम ५७७ वरून १,४९० होते, म्हणजे सुमारे ९१३ जास्त. वर्गणीचे ३६० मिळवले की १,२७३. चाळीस हजारांवर हे सव्वातीन टक्क्यांच्याही आत बसते. एखाद्या वर्षाच्या पगारवाढीत सामावेल एवढी ही रक्कम आहे. जे कामगार किमान वेतनावर किंवा त्याच्या आसपास आहेत त्यांच्या बाबतीत फरक आणखी कमी, कारण मूळ दर आणि महागाईची रक्कम हाच तिथे जवळजवळ सगळा पगार असतो, तोडायला भत्तेच उरत नाहीत. जड आहे ती मागच्या वर्षांची बाकी. बारा वर्षांची नोकरी असलेल्या या एकाच माणसापोटी देणे १,३१,५३८ रुपयांनी वाढले. अशी दहा-पंधरा जुनी माणसे असलेल्या वर्कशॉपला ही रक्कम नक्कीच बोचते, आणि ती बोच मी नाकारत नाही. पण तिच्यावरचा उपाय व्याख्येला बगल देण्यात नाही. एलआयसीसारख्या विमा संस्थांच्या सामूहिक ग्रॅच्युइटी योजना अनेक वर्षांपासून आहेत, त्यांत हप्त्याहप्त्याने निधी उभा करता येतो. कोण कधी निवृत्त होणार याची एक साधी यादी केली तरी पुढच्या पाच वर्षांचे चित्र डोळ्यांसमोर येते. मुदतीच्या करारावर माणसे घेणाऱ्यांनी तर ही यादी ताबडतोब करावी, कारण अशा कामगाराला आता पाच वर्षांची अट नाही, आणि एक वर्षाच्या नोकरीनंतरही त्या प्रमाणात ग्रॅच्युइटीचा हक्क येतो.

तिसरा पवित्रा आक्षेपापेक्षा पळवाटेचा आहे. विशेष भत्त्याचे नाव बदलून त्याला ‘खर्चाची प्रतिपूर्ती’ म्हणायचे, किंवा सगळी रक्कम घरभाडे आणि प्रवास भत्त्यात ओतायची. दुसऱ्या प्रकाराला परंतुकानेच बांध घातला आहे, निम्म्यावरचे पुन्हा वेतनात येते. पहिल्या प्रकारात कामाच्या स्वरूपामुळे झालेला खास खर्च दाखवावा लागतो. फिरत्या विक्रेत्याचे पेट्रोल, मोबाइलचे बिल, बाहेरगावचा मुक्काम हे खरे खर्च आहेत आणि त्यांच्या पावत्या असतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला दरमहा ठरावीक १६,००० ‘प्रतिपूर्ती’ बिलांशिवाय मिळत असेल, तर ती मोबदलाच आहे. आणि ‘राज्याचे नियम पुरते ठरेपर्यंत थांबू’ असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो, की नियमांत नमुने, नोंदवह्या आणि कार्यपद्धती येतात. वेतनाची व्याख्या संहितेच्या अंगातच आहे आणि ती लागू झाली आहे. २२ नोव्हेंबर २०२५ला निवृत्त झालेल्या माणसाला नियमांची वाट पाहायला सांगता येत नाही.

या व्याख्येच्या बाजूने इतके लिहिल्यावर तिची उणी बाजू झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात वेतनाची व्याख्या करताना महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता हे दोन्ही नाव घेऊन त्यात धरले होते. नव्या समान व्याख्येत घरभाडे भत्ता वगळलेल्या यादीत आहे. शब्दशः हिशेब केला तर बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेत बाईला आधीपेक्षा कमी रक्कम मिळू शकते, तीही घरभाडे नेहमीसारखेच द्यावे लागत असताना. एकसारखेपणाच्या ओघात झालेले हे नुकसान आहे आणि कायदा करणाऱ्यांनी ते दुरुस्त करायला हवे. तोपर्यंत मालकाला कुणी अडवलेले नाही. संहिता देते ते किमान आहे, रजेच्या काळात पूर्ण पगार चालू ठेवणारे कलम नेमणूकपत्रात घालता येते, आणि ते घालावे असे मी आग्रहाने म्हणेन. राज्य कामगार विम्यातही असाच एक उलटा परिणाम आहे. तिथे २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना विमा लागू होतो. पूर्वी त्या वेतनात घरभाडे भत्ताही मोजला जाई. आता एकूण २५,००० मिळणाऱ्या कामगाराचे ५,००० घरभाडे वगळले की तो २०,०००वर येतो आणि विम्याच्या कक्षेत शिरतो. मालकाला ३.२५ टक्के आणि कामगाराला ०.७५ टक्के वर्गणी येईल, बदल्यात त्याच्या कुटुंबाला दवाखाना आणि आजारपणाचा भत्ता मिळेल. पगारपत्रक तपासताना ग्रॅच्युइटीवर नजर ठेवणारे अनेक जण ही ओळ विसरतात.

व्याख्या एवढी महत्त्वाची का, हे नोकरी संपते त्या दिवशी सर्वांत स्पष्ट होते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८८४ मध्ये ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर एक मागणी पगाराच्या तारखेची होती: महिन्याचा पगार निदान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. १९३६च्या कायद्याने ती तारीख बहुतेक ठिकाणी ७ केली, पण अलीकडे त्या कायद्याचे संरक्षण २४,००० रुपयांपर्यंतच्या पगारालाच होते. वेतन संहितेत ही वरची मर्यादा नाही, व्यवस्थापकापासून शिपायापर्यंत सर्वांना ती लागू आहे. आणि माणसाने राजीनामा दिला, त्याला काढले किंवा कारखाना बंद झाला, तर त्याचे वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते करायचे आहे. ‘फुल अँड फायनल’ला दीड-दोन महिने लावण्याची सवय असलेल्या कचेऱ्यांसाठी हा मोठा बदल आहे. ग्रॅच्युइटीची मुदत वेगळी, ती ३० दिवसांची, या दोन मुदती एकमेकींत मिसळू नयेत. दोन दिवसांत हिशेब पुरा करायचा तर हजेरी, शिल्लक रजा, उचल आणि वेतनाचा खरा आकडा हे सगळे आधीपासून अद्ययावत असावे लागते. पावतीवर सहा ओळी असतील आणि त्यांतल्या कोणत्या वेतनात धरायच्या यावरच कचेरीत दुमत असेल, तर दोन दिवसांत ते मिटणार नाही.

यात कमी पडले तर काय, याचेही उत्तर संहितेत आहे. देय रकमेपेक्षा कमी दिल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण दंडापेक्षा मला दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. कामगाराला दावा लावायला आता तीन वर्षांची मुदत आहे, किमान वेतनाच्या जुन्या कायद्यात ती सहा महिन्यांची होती. आणि रक्कम दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. म्हणजे मालकाचा बचाव त्याच्या कागदांत असतो: नेमणूकपत्र, जे आता प्रत्येक कामगाराला द्यायचे आहे, पगारपावती, बँकेतून गेलेल्या रकमेची नोंद आणि हजेरीपट. ज्याचे कागद एकच गोष्ट सांगतात त्याला घाबरण्याचे कारण नाही. नेमणूकपत्रात एक पगार, पावतीवर दुसरी विभागणी आणि भविष्य निधीच्या विवरणात तिसराच आकडा असेल, तर त्या मालकाच्या विरुद्ध साक्ष द्यायला कामगाराची गरजही पडत नाही.

म्हणून हिशेबनिसाच्या मालकाने पुढच्या महिन्याची पावती काढण्याआधी एक दिवस या कामाला द्यावा. विशेष आणि शिक्षण भत्ता मूळ पगारात मिळवून ३१,००० ही एकच ओळ करावी, घरभाडे व प्रवास जिथल्या तिथे ठेवावेत, धुलाईचा भत्ता गणवेश घालणाऱ्यांपुरताच राहू द्यावा. मग प्रत्येक कामगाराला मराठीत एक पानाचे पत्र द्यावे: जुनी विभागणी अशी होती, नवी अशी आहे, एकूण ४०,००० तेच आहेत, तुमच्या खात्यातली वर्गणी १,४४० वरून १,८०० होईल, आमचीही तितकीच वाढेल, आणि आज नोकरी सोडलीत तर तुमची ग्रॅच्युइटी इतकी होते. शेवटचा आकडा लिहिताना मालकाचा हात थोडा अडखळेल. पण त्या पत्राची एक प्रत कामगाराची सही घेऊन फाइलला लावली, की पुढच्या बारा वर्षांत त्या आकड्यावरून दोघांत वाद व्हायला जागा फारशी उरत नाही.